वाऱ्याला चोर म्हणणारा कॅमेरा

फ्रीगंज, उज्जैन
९ मार्च २०२५

चि. रुचिर,

आशीर्वाद. फोन केला की तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि माझं वाक्य अर्धंच राहतं. पत्राला मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तू दिवाळीला पाठवलेला तुमच्या कंपनीचा बॅटरीवरचा कॅमेरा लावला आहे. पण मी परेशान झाले रे. काल दिवसभरात त्याने मोबाइलवर एकशे त्रेसष्ट वेळा घंटी वाजवली. मी मोजली. त्यात माणसं किती? अकरा, आणि तीही रोजची, आपलीच. बाकी सगळा वेळ वाळत घातलेले कपडे हलले की हा ओरडतो. सोबतच्या कागदावर लिहिलंय, बॅटरी चार महिने चालेल. इथे चौथ्या दिवशी लाल दिवा लागतो. चार्जिंगला काढला की तेवढा वेळ आंधळा.

आता कुणी घंटीकडे बघतसुद्धा नाही. तू इंजिनिअर आहेस, तूच बनवतोस हे. मला एवढंच सांग, तो कापडाला माणूस का समजतो?

तुझ्या बाबाला, जयंताला, सांग, गुडघ्याचा व्यायाम सोडू नको.

तुझी
अहल्याआत्या


पुणे
१७ मार्च २०२५

ती. आत्या,

नमस्कार. किती वर्षांनी मला कुणाचं पत्र आलं! बाबांनी आधी वाचलं, मग मला दिलं.

कॅमेरा सतत बघत नसतो. बघत राहिला तर बॅटरी एका दिवसात संपेल. तो झोपलेला असतो. त्याच्या खाली पांढऱ्या भिंगाआड एक सेन्सर जागा असतो. त्याला चित्र दिसत नाही, फक्त उष्णता कळते. समोर उष्णतेत एकदम फरक पडला, म्हणजे गरम माणूस गार भिंतीसमोरून गेला, की तो कॅमेऱ्याला उठवतो. तुझी साडी उन्हात तापते, वाऱ्याने हलते, त्याला वाटतं कुणीतरी आलं.

तेव्हा सोपा उपाय: बाल्कनीत कॅमेऱ्यासमोर साड्या वाळत घालू नकोस, मागच्या दोरीवर घाल. कुंड्याही बाजूला कर. ॲपमध्ये संवेदनशीलता "कमी" कर. तू एकटी राहतेस म्हणून तो पाठवला होता, तेव्हा बंद मात्र करू नकोस.

तुझा
रुचिर


फ्रीगंज, उज्जैन
२५ मार्च २०२५

चि. रुचिर,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग लाज वाटली. कॅमेरा माझ्या बाल्कनीत नाही. तू माझ्या काळजीने पाठवलास म्हणून सांगितलं नव्हतं. तो भैरवगढ़ला आहे, दुर्गाच्या कारखान्यात.

दुर्गा माझी जुनी विद्यार्थिनी. वडिलांमागे तीच छपाईचा कारखाना चालवते. तिच्यासकट नऊ बायका मेणाचे ठप्पे मारतात, रंग उकळतात, आणि मागच्या मैदानात दोनशे चादरी एका वेळी दोऱ्यांवर सुकतात. आता सांग, त्या कुठल्या मागच्या दोरीवर घालू?

जानेवारीपासून तिथून चादरी जाऊन राहिल्या होत्या. कधी तीन, कधी चार. मीच म्हटलं, माझ्याकडे कॅमेरा आहे, लावू. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, माझ्या शब्दावर कोण शंका घेणार?

दुसऱ्या आठवड्यात एक चित्र मिळालं. बारा सेकंदांचं. माधव चार चादरी दोरीवरून उतरवतो, मागे वळून बघतो आणि चौकटीबाहेर जातो. माधव म्हणजे साठीचा माणूस, बावीस वर्षं तिथे कापड धुऊन त्यातलं मेण काढतो. तो म्हणाला, "हवा तेज थी बेनजी, मने ओटा पे धरी थी." ओटा कॅमेऱ्यासमोरच आहे. ठेवल्या असत्या तर दिसलं असतं ना? पुढचं चित्रच नव्हतं. त्या चादरी ओट्यावरही नव्हत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही."

माधवने धोतराचा सोगा झटकला आणि निघून गेला, तो परत कामावर आलाच नाही.

रुचिर, तो गेल्यावरही चादरी गेल्याच आहेत. मागच्या आठवड्यात पुन्हा तीन. रात्री-बेरात्री नाही, भर दिवसा. घंटी त्या वेळीही वाजली असेल, पण दिवसाला दीडशे वेळा वाजणारी घंटी कोण बघणार? दुर्गा म्हणते, "बेनजी, यो तो हवा ने बी चोर बतावे." वाऱ्यालाही चोर म्हणतो म्हणे.

मला एकच विचारायचं आहे. माधव उचलताना दिसतो, मग ठेवताना का दिसत नाही? लपवू नकोस.

अहल्याआत्या


पुणे
२ एप्रिल २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. उत्तर मला माहीत आहे, आणि ते माझ्याकडूनच झालेलं आहे.

खोट्या घंट्यांनी बॅटरी संपते अशा तक्रारी आल्या, तेव्हा मी एक तोडगा काढला. एकदा चित्र घेतलं की कॅमेऱ्याने दोन मिनिटं विश्रांती घ्यायची. त्या वेळात समोर काहीही झालं तरी उठायचं नाही. प्रोग्राममधली ही ओळ मी लिहिली आहे. माधव चादरी उचलतात ते दिसलं. ओट्यावर ठेवल्या, ते त्या दोन मिनिटांत. त्यानंतर त्या कुणी उचलल्या तेव्हा कॅमेरा पुन्हा एखाद्या फडफडणाऱ्या चादरीचं चित्र काढून झोपला असेल. मशीन खोटं बोललं नाही आत्या, पण त्याने अर्धंच सांगितलं. अर्धं सांगायला मी शिकवलं होतं.

आणखी एक, जे मी घरीही सांगितलं नाही. खोट्या घंट्यांमुळे हे मॉडेल भराभर परत येतंय. आमच्या प्रमुख निहारिका मॅडमनी जूनपर्यंत वेळ दिला आहे. सुधारलं तर ठीक, नाहीतर ते बंद. मी मीटिंगमध्ये असतो तो याच कारणाने.

मला तुझी मदत हवी आहे. ऑफिसच्या गच्चीवर मला चार टॉवेल मिळतात. तुझ्याकडे दोनशे चादरी आणि माळव्याचा वारा आहे. एक वही घाल. प्रत्येक घंटीची वेळ, ऊन की सावली, वारा किती, आणि प्रत्यक्ष काय हललं. सेन्सरच्या दोन सवयी लक्षात ठेव: सरळ त्याच्याकडे चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. आणि भिंगावर थेट ऊन पडलं की तो गोंधळतो.

रुचिर


फ्रीगंज, उज्जैन
१६ एप्रिल २०२५

चि. रुचिर,

तू खरं सांगितलंस, बरं केलंस. पत्र मिळाल्यावर मी आधी माधवकडे गेले. अंगणात खाटेवर बसला होता. मी म्हटलं, "भैया, चूक माझी होती. कामावर चला." त्याने पाणी दिलं, आणि म्हणाला, "माफी से कई होय बेनजी? लोग तो अबी बी चोर के. पेलां चोर पकड़ो, फिर आऊँगा." बरोबरच बोलला, लोक अजून चोर म्हणत असताना तो कसा येईल? मी पाणी पिऊन परत आले.

दुसऱ्या दिवसापासून छत्री घेऊन मैदानात बसले. सहा दिवस. वही सोबत पाठवते, पण मोठं मोठं इथे लिहिते. सकाळी दहापर्यंत घंटी जवळपास नाही. अकरा ते चार, ऊन चढलं आणि वारा सुटला की झडीच लागते. कुत्री आणि दुर्गाच्या कोंबड्या मिळून रोज वीस-पंचवीस.

मग एकेक बदल केला, शाळेत करायचे तसा, एका वेळी एकच. कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून होता, दुपारचं ऊन सरळ त्याच्या भिंगात. तो काढून उत्तरेकडे तोंड करून लावला. दीडशेचे नव्वद झाले. टॉवर चौकातून काळी चिकटपट्टी आणली आणि पांढऱ्या भिंगाच्या खालच्या पट्ट्यावर लावली. जमिनीलगतचं त्याला कळेनासं झालं, कुत्री-कोंबड्या संपल्या. माणूस मात्र कमरेपासून वर कळतोच. मग खांब बदलून अशा जागी नेला की फाटकातून ओट्याकडे जाणारा प्रत्येकजण आडवाच जाईल. आता एक्केचाळीस.

एक्केचाळिसाच्या खाली उतरत नाही. पण बसून बसून एक गोष्ट दिसली. चादर कितीही फडफडली तरी दोरीला बांधलेली आहे. जाते आणि जागेवर परत येते. माणूस एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. मला हे छत्रीखालून दिसतं. तुझ्या कॅमेऱ्याला हे शिकवता येईल का?

अहल्याआत्या


पुणे
२८ एप्रिल २०२५

ती. आत्या,

येईल! आलंच आहे जवळजवळ!

तुझी वही मी ऑफिसात सगळ्यांसमोर उघडली. आम्ही दोन वर्षं सेन्सर कमी-जास्त करत बसलो होतो. "जागेवर परत येतं की पुढे जातं" हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आता असं केलं आहे. सेन्सरने उठवलं की कॅमेरा लगेच वायफाय सुरू करत नाही, कारण सगळ्यात जास्त बॅटरी तोच खातो. आधी डाक-तिकिटाएवढी अंधुक चित्रं घेतो, दीड सेकंदात सहा. हललेली वस्तू तिथल्या तिथेच डोलत असेल तर पुन्हा झोपतो. पुढे सरकत असेल तरच पूर्ण जागा होतो आणि घंटी देतो. झोपेत वाचलेल्या बॅटरीमुळे ती दोन मिनिटांची विश्रांती मी काढून टाकली. माणूस समोर आहे तोवर चित्र चालू राहील. ती ओळ पुसताना माधवकाकांची आठवण झाली.

निहारिका मॅडम अजून साशंक आहेत. म्हणाल्या, "घंट्या कमी करणं सोपं आहे, कॅमेरा बंद केला तरी कमी होतात. खरा माणूस सुटता कामा नये." म्हणून परीक्षा तुमच्याच मैदानात. नवी प्रणाली आज तुझ्या कॅमेऱ्यावर पाठवली आहे. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी माणसं चालव. साठ फेऱ्या. किती पकडल्या, किती सुटल्या ते कळव. एखादी सुटली तरी लपवू नकोस, हे मी तुझंच वाक्य तुला सांगतो आहे.

रुचिर


फ्रीगंज, उज्जैन
६ मे २०२५

चि. रुचिर,

चांगली खबर आधी. खोट्या घंट्या: शुक्रवारी चार, शनिवारी दोन, काल तीन. बायका आता विचारतात, "बेनजी, बंद तो नी पड़ग्यो?" बॅटरी आठ दिवसांत फक्त पाच टक्के उतरली.

फेऱ्या साठ झाल्या. दुर्गा चालली, पळाली, चादर डोक्यावर घेऊन वाकून गेली. मधुरा नावाची सगळ्यात ठेंगणी मुलगी आहे, ती चादरींच्या आडून मांजरीसारखी गेली. तीही सापडली. सगळ्यांना इतकी मजा आली की छपाई तासभर थांबली.

पण दोन सुटल्या. दोन्ही दुपारी दीडच्या सुमारास, दुर्गाच्याच. तापमान बेचाळीस होतं. मी थोडा वेळ वहीत लिहिलंच नाही. तुझी नोकरी, माधवचं नाव, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग लिहिलं: साठपैकी अठ्ठावन्न.

मला वाटतं कारणही कळलं. त्या वाटेमागे पत्र्याची भिंत आहे. दुपारी पत्रा एवढा तापतो की माणूस आणि पत्रा त्याला सारखेच वाटत असतील. आज आम्ही कॅमेरा थोडा वळवला. आता वाटेमागे मातीची भिंत येते, तिच्यावर कडुनिंबाची सावली. पुन्हा दीड वाजता दहा फेऱ्या केल्या. दहाच्या दहा. तरी ते दोन दोनच राहू दे वहीत.

अहल्याआत्या


पुणे
१३ मे २०२५

ती. आत्या,

ते "अठ्ठावन्न" वाचून मला घाम फुटला होता. पण निहारिका मॅडमनी तीच ओळ बोट ठेवून वाचली आणि म्हणाल्या, "ज्या वहीत दोन सुटल्याचं लिहिलं आहे, तिच्यातल्या अठ्ठावन्नवर मी विश्वास ठेवते."

तुझं कारण तंतोतंत बरोबर. हवा अंगाएवढी तापली की सेन्सरला फरक कळत नाही. आता कॅमेरा तापमान बघून स्वतःच दुपारी संवेदनशीलता वाढवतो. आधी आम्ही हे करायला घाबरत होतो, कारण खोट्या घंट्या वाढल्या असत्या; आता त्या अडवायला तुझी युक्ती आहे. सुधारणा काल तुझ्याकडे पाठवली. आज इथल्या तीस घरांतही चाचणी सुरू झाली.

चोर अजून आला नाही का? मला त्याची इतकी वाट बघावी लागेल असं वाटलं नव्हतं.

रुचिर


फ्रीगंज, उज्जैन
२१ मे २०२५

चि. रुचिर,

आला! काल, मंगळवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी!

आम्ही सगळ्या आतल्या खोलीत जेवत होतो. दुर्गाच्या फोनवर घंटी वाजली. जेवायला बसल्यापासूनची पहिलीच. आणि बघ, दहाच्या दहा जणींचे हात ताटातच थांबले. मार्चमध्ये हीच घंटी वाजली असती तर कुणी मान वर केली नसती.

फोनवर चित्र सुरू होतं. भट्टीसाठी लाकडं टाकायला येणारा टेम्पोवाला, मंगळवार-शुक्रवार येतो तोच. भट्टीपाशी लाकडं उतरवून झाली होती. इकडेतिकडे बघितलं, ओट्यावर घडी करून ठेवलेल्या चार चादरी उचलल्या आणि टेम्पोत ताडपत्रीखाली सारल्या. सगळं सलग, मध्ये एक क्षणही गायब नाही.

दुर्गा उठली. मागे आठ जणी, त्यांच्या मागे मी, एक चप्पल उलटी घालून. टेम्पो सुरू झाला होता. दुर्गा सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. कोपरापर्यंत निळे हात कमरेवर. "उतर. ताडपत्री खोल."

तो म्हणाला, "अरे दीदी, हवा चल रही थी, मैं तो उठाकर अंदर रखने वाला था."

हेच तर माधव म्हणाला होता, आणि खरं म्हणाला होता. दुर्गाने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "अंदर कौन तरफ है? टेम्पो में?" त्याने चित्र शेवटपर्यंत बघितलं. मग स्वतःच ताडपत्री ओढली. खाली आमच्या चारही चादरी होत्या. पोलीस आले तेव्हा जानेवारीपासूनचं कबूल केलं. माधवने ओट्यावर ठेवलेल्या त्या चारही.

रुचिर, मी ओरडले रे. या वयात, रस्त्यावर. मधुराने मला मिठी मारली, माझ्या पांढऱ्या साडीवर तिचे दोन्ही पंजे उमटले आहेत. धुणार नाही.

आज संध्याकाळी माधवकडे जाते. दुर्गाही येते आहे. बाकीच्या आठही जणी म्हणतात आम्हीपण.

अहल्याआत्या


पुणे
२८ मे २०२५

ती. आत्या,

पत्र बाबांनी मोठ्याने वाचलं. "दुर्गा उठली" इथे आईने टाळी वाजवली.

आता माझी खबर. तीस घरांत खोट्या घंट्या शंभरावरून सहावर आल्या, माणूस एकही सुटला नाही. मॉडेल बंद होणार नाही. काल ही सुधारणा आमच्या देशभरातल्या सगळ्या कॅमेऱ्यांवर गेली. मीटिंगमध्ये मी सांगितलं की कल्पना उज्जैनच्या एका निवृत्त शिक्षिकेची आहे. निहारिका मॅडम तुझी वही परत पाठवायला तयार नाहीत. नव्या मुलांना दाखवणार म्हणाल्या. त्यांनी तुला पत्र लिहिलं आहे, वेगळं येईल.

जूनमध्ये मी येतो. खांबावरचा कॅमेरा बघायचा आहे, आणि माधवकाकांना भेटून माझ्या वाटची माफी मागायची आहे. ते आले का कामावर? तू लिहिलंच नाहीस.

तुझा
रुचिर


फ्रीगंज, उज्जैन
४ जून २०२५

चि. रुचिर,

तुझ्या मॅडमना सांग, वही ठेवा.

माधवकडे आम्ही दहाजणी गेलो. गल्लीतले सगळे दारात आले. दुर्गाने चित्र दाखवलं, माधवने ते दोनदा बघितलं. गल्लीनेही बघितलं. मग तो "सवेरे" एवढंच म्हणाला.

सकाळी साडेसातला आला. मी आधीच जाऊन बसले होते. शाळेत प्रार्थनेला उभी राहायचे तशी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "माधव भैयांनी चोरी केली नव्हती. मी नीट तपासलं नाही आणि बोलले. चूक माझी आहे, मशीनची नाही." वाक्य पूर्ण केलं.

माधवने ऐकून घेतलं. मग दोरीवरची एक चादर हातात घेतली, काठ चोळून बघितला, नाकाजवळ नेला आणि दुर्गाकडे वळला. "दो मईना में कपड़ा की या हालत कर दी? मोम बी पूरो नी निकल्यो. टंकी को पाणी कदी बदल्यो थो?"

दुर्गा, एवढी टेम्पोसमोर उभी राहणारी, पण तिनेही मान खाली घातली.

"चलो, बाल्टी लाओ," तो म्हणाला, आणि बाह्या सावरत टाकीकडे निघाला.

आम्ही सगळ्यांनी बादल्या उचलल्या. दोन मीही भरल्या.

तुझी
अहल्याआत्या